उशिरा आणली

पन्नास सालानंतरची काही वर्षं मी अमरावतीला बायकांच्या एका दवाखान्यात नर्स होते. दर मंगळवारी माझा उपास असायचा. अंबादेवीचं दर्शन आणि पोथी कधी चुकवली नाही.

अशाच एका मंगळवारी चांदूर रेल्वेकडची एक पहिलटकरीण आली. सकाळीच, अगदी वेळेवर आली होती. तिला तपासलं, अजून अवकाश आहे म्हणाले आणि खोलीत पोथी घेऊन बसले. आया दोनदा बोलवायला आली. पोथी अर्धी सोडायची नाही हा माझा नेम होता. उठले तेव्हा मूल अडलं होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पण ते रडलंच नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'रुग्णास उशिरा आणले.' बाहेर बसलेल्या तिच्या सासूलाही तेच सांगितलं.

मग अकरा मंगळवार पाण्याशिवाय काढले. अकराव्याला देवीची ओटी भरली. देवळातून निघताना इतकं मोकळं वाटलं, की त्यानंतर ती बाई माझ्या मनातही आली नाही.

पुढे अकोल्याला बदली झाली आणि तिथे माझी श्रद्धा गेली. का गेली ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरात काही वाईट घडलं नव्हतं. हात जोडायचे आणि समोर कोणी आहे असं वाटायचं नाही, एवढंच. वर्षभर तसेच जोडत राहिले, मग सोडून दिलं. थोरली बहीण घाबरली. देवाचा धाक गेला की माणूस काहीही करायला लागतं, म्हणाली. मलाही तीच भीती होती. काही महिने मी बिघडलेही. खोटं सांगून रजा घेतल्या, रोग्यांवर खेकसले.

एकदा दुसऱ्या एका बाईच्या नावापुढे 'उशिरा आणले' लिहीत होते. ती खरंच उशिरा आली होती. तरी हात थांबला. अकरा मंगळवारांनी जे धुतलं असं मी समजत होते, ते तसंच होतं. आता ते कोणाच्या पायाशी ठेवायचं? बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, झालं गेलं विसर. मेट्रनबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, जुनी रजिस्टरं उकरू नका.

शेवटी एका रविवारी चांदूर रेल्वेला उतरले आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. बाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी ओळख दिली, होतं तसं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"घरात सांगा," ती म्हणाली. "आमच्या बुडीले."

सासू खाटेवर पडून होती. कापसाची वेचणी आटपूनच सून निघाली, म्हणून पोर गेलं, असं ती इतकी वर्षं बोलत आली होती. मी तिला सांगितलं, तुमची सून वेळेवर आली होती, उशीर माझा झाला. म्हातारी म्हणाली, देवानं बुद्धी दिली तुमाले. सुनेकडे तिने पाहिलंही नाही.

बाई मला अंगणापर्यंत पोचवायला आली.

"आता बरं वाटत असंन तुमाले."

"नाही," मी म्हणाले.

"मलेबी नाही," ती म्हणाली आणि सूप उचललं.

गाडीला दीड तास होता. स्टेशनच्या बाकावर बसून मी चपला काढल्या. पाय सुजले होते. पूर्वी असा दिवस गेला की देवीला सांगून झोप यायची. ती झोप पुन्हा मिळावी असं त्या बाकावर फार वाटलं. पण खोटं खोटं हात जोडायला जीव होईना. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती आणि एक अडलेली बाई आधीच खाटेवर होती. तिच्याजवळ बसून राहिले. दुपारपर्यंत उठले नाही.