खळ घातलेल्या कॉलरी

इंग्लंडमधल्या वाइट बेटावरच्या न्यूपोर्ट गावात टॅमसिन अरीइतकी कडक कॉलर कुणाला जमत नसे. त्या ओल्या वर्षी गहू परवडेना, म्हणून ती रानातल्या कंदाची खळ करी. त्यानं हातांना फोड येत. नवरा समुद्रात बुडालेला, एकुलता एक मुलगा जोनास सहा वर्षं राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेत. फोडांवर फुंकर घालायलाही घरात कुणी नव्हतं. आवाज जाऊ नये म्हणून ती जेवताना स्वतःशीच मोठ्यानं बोले.

सप्टेंबरात कैदेतल्या राजाला गडावरून गावात आणलं आणि तहाची बोलणी सुरू झाली. राजाच्या माणसांच्या लेसवाल्या कॉलरी आणि पार्लमेंटवाल्यांच्या साध्या, दोन्ही टॅमसिनकडेच येत. ही मंडळी शब्दाशब्दाला अडत. त्यांच्या कॉलरी मात्र एकाच दोरीवर मुकाट वाळत. चाळीस दिवसांत आटपायचं होतं. मुदत संपली, वाढली, पुन्हा वाढली. विहिरीवर भांडणाऱ्या बायका याहून लवकर समेट करतात!

राजाचं राज्य राहो की जावो, टॅमसिनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तह झाला की फौज मोडेल आणि जोनास घरी येईल, एवढंच तिचं राजकारण.

डिसेंबरच्या पहिल्या सकाळी ती टोपली घेऊन राजाच्या बिऱ्हाडी गेली. दार सताड उघडं होतं. पहाऱ्यावर शेजारचा इलायस होता.

"परत न्या, काकू. आता कुणाच्या गळ्यात घालता?"

"का रे? तह झाला?"

"कसला तह! फौजेनं पहाटे राजाला उचलला. पार्लमेंटलासुद्धा विचारलं नाही. त्यांचे शिपाई काल संध्याकाळीच गुपचूप बेटावर उतरले होते." इलायस घुटमळला. "तुमचा जोनास होता त्यांच्यात."

"माझा जोनास? इथं? मग घरी नाही आला?"

"आला होता की! दार वाजवलं म्हणाला. हाक मारायची बंदी होती त्यांना."

संध्याकाळी दार वाजलं होतं. गावात नवे शिपाई आल्याची कुजबूज कानावर आल्यावर तिनं अडसर घातला होता. शिपाई घरात घुसले की पीठसुद्धा ठेवत नाहीत. दिवा विझवून, श्वास रोखून ती बसून राहिली होती.

"काय म्हणाला रे?"

"म्हणाला, घरात अंधार आहे. आई गेली असणार."

टोपली तिथंच टाकून टॅमसिन बंदराच्या रस्त्याला धावत सुटली. पलटण केव्हाच बेट सोडून गेली होती. इलायसला ते सांगवेना.