चिप तापली असेल का, अंकल

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला अर्धी माहीत आहे — म्हणजे खोटीच माहीत आहे. आईला काहीच नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे, पण एकदम मुद्द्यावर येववत नाही. आधी घरचं सांगते. चालेल ना?

दिंडोशीला डोंगराच्या कडेला आमची खोली. बाबांची गिरणी माझ्या जन्माआधीच बंद पडली. मग कुठे लिफ्टमन, कुठे वॉचमन, आणि शेवटी घरातच बसून खोकणं. घर चालवलं आईने. कुरारच्या एका शेठकडून ती खोट्या दागिन्यांचं काम आणायची. कानातल्याच्या साच्यात चिमट्याने एकेक खडा बसवायचा, खाली गोंदाचा थेंब. भाताला त्या गोंदाचा वास यायचा. आईचे डोळे लाल, बोटांची कातडी सोललेली. पेन्सिल नीट धरता यायच्या आधी मला चिमटा धरता यायचा.

त्या घरातून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलेली मी पहिली. पहिली म्हणजे आमच्या घरातच नाही, आजोळ धरूनसुद्धा. हे मी खाली मान घालून सांगत नाही, कधीच सांगितलं नाही.

पण तुम्हाला दया यावी म्हणून हे सांगते आहे का? नाही. आमच्या गल्लीत तसेच खडे चिकटवणाऱ्या कितीतरी बायका होत्या. गरिबी त्यांचीही तीच होती. मी जे केलं ते त्यांनी कोणाला केलं नाही.

नोकरी लागली अंधेरीला, एमआयडीसीत. औषधाच्या गोळ्या पट्टीत भरायची यंत्रं बनवणारी छोटी कंपनी. अजून कायम झाले नव्हते. काम दाखवा, मग बघू, असं होतं. आईने मात्र पहिल्याच पगाराला शेठची पिशवी परत केली होती. म्हणाली, ‘आता डोळे मिटून पडान जरा.’ तिला मी सांगितलंच नव्हतं की नोकरी अजून पक्की नाही.

यंत्राचा मेंदू म्हणजे एक बोर्ड, आणि बोर्डावर एक चिप. ही चिप मुळात कोरी असते. आपण लिहून देऊ ते सर्किट तिच्या आत तयार होतं. आज गोळ्या मोजेल, उद्या दुसरं काही. पण आत नक्की काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी डीबगर लागतो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, एक वायर लॅपटॉपला, दुसरी पट्टीसारखी केबल थेट बोर्डाला. नीट जोडलं की आधी चिप आपलं नाव सांगते, ते स्क्रीनवर उमटतं. मग तिला म्हणायचं, अमुक घडलं की मला पकड. ती वाट बघत बसते, आणि ते घडलं की त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं रेघांनी मांडून दाखवते. चूक नेमकी कुठल्या रेघेवर झाली, ते बोट ठेवून सांगता येतं.

कंपनीत ही डबी एकच होती. ती मला कोणी लावायला शिकवली? कॉलेजने नाही. कॉलेजात ती आम्ही पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. शिकवली डॉमनिक अंकलनी.

अंकल मरोळ गावठाणातले, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. कंपनी सुरू झाल्यापासून सोल्डरिंगला, म्हणजे तापल्या कथलाने भाग बोर्डाला जोडायला. त्या चिपला चारी बाजूंनी केसासारखे बारीक पाय असतात, आणि अंकल ती चिप हाताने बसवायचे. केबल उलटी लागू नये म्हणून तिच्या पहिल्या टोकावर त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. कंपनीचे मालक, आमचे साहेब, चिडवायचे, ‘डॉमनिक, घरी बोटं रंगवून झाली की उरलेलं इथे आणतोस काय रे?’ अंकल म्हणायचे, ‘तुमच्या बोर्डाला पन नटवतो सायब.’

त्यांचा एकच कायदा होता. केबल यंत्राला लागलेली असताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा. चार्जर लावायचा नाही. यंत्राला अर्थिंग असतं, आमच्या स्वस्तातल्या चार्जरला नसतं. मग लॅपटॉपच्या अंगात साचलेला करंट त्या केबलच्या वाटेने चिपमध्ये उतरतो. ‘ती चिप गरीब हाय पोरी, तिला धक्का सोसवत नाय.’ हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल? मी मान डोलवायचे. मनात म्हणायचे, मला माहितीये अंकल, मी शिकलेय हे.

खरंच शिकले होते हो. पेपरात लिहून मार्क मिळवले होते.

आता त्या दिवसाचं. यंत्र मधूनच एखादी पट्टी तिरकी कापत होतं. का, ते कोणालाच सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ते बघायला येणार होतं. जुन्या चिपचा एक पाय निकामी झाला होता, म्हणून सकाळी अंकलनी ती काढून नवी बसवली. ती शेवटची. दुसरी मागवली तर यायला कित्येक आठवडे. मग ते जेवायला उठले. मला म्हणाले, ‘बघ आता, बोलते काय.’

मी केबल लावली. आणि चिप बोलली — हे नीट लक्षात ठेवा. स्क्रीनवर तिचं नाव आलं. अंकलनी बसवलेली चिप जिवंत होती, तिचे सगळे पाय धड होते, आणि ते पाहणारी मी एकटी होते. बाकी सगळे जेवायला गेले होते.

मी सापळा लावून बसले. पट्टी तिरकी पडेल त्या क्षणी पकड. आणि बॅटरी संपत आली.

लॅपटॉप माझाच, जुना घेतलेला. चार्जरची तिसरी पिन तुटलेली, त्यावर स्टेशनबाहेरून घेतलेला दोन पिनांचा जुगाड. चार्जिंगला लावला की कडेच्या पत्र्यावर मनगट झिणझिणायचं, इतकं की मला सवय झाली होती. सगळं बंद करून शांतपणे चार्ज करायला हवं होतं. पण मग सापळा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला असता. आणि मला वाटत होतं, सगळे जेवून परत यायच्या आत चूक मी शोधून दाखवीन. मी. दिंडोशीची. बघा म्हणावं.

मी अर्धा कायदा पाळला. केबल काढली, चार्जर लावला — आणि चार्जर तसाच ठेवून केबल परत लावली.

आवाज नाही, धूर नाही. मनगटाला झिणझिण, तेवढीच. स्क्रीनवर आलं, जोडणी सापडत नाही. पुन्हा लावून पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. चिपवर बोट ठेवलं. चटका बसला.

मग मी काय केलं? इथे मी दरवेळी अडते. रात्री उशीवर मनात सांगतानासुद्धा अडते. मी चार्जर काढला. वायर गुंडाळली. बॅगेत तळाला घातली, वर ओढणी टाकली. घाबरून हात आपोआप गेला, असं नव्हतं. विचार करून गेला.

अंकल तोंड पुसत आले. ‘काय गो, तोंड का असं?’

मी म्हटलं, चिप सापडत नाही अंकल. हे तर खरंच होतं, नाही का? आणि मग मी विचारलं, ‘सोल्डर करताना जास्त तापली असेल का?’

बघा, मी खोटं बोललेच नाही. एक प्रश्न विचारला. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आले.

पण मला ठाऊक होतं. त्याआधीच्या दिवाळीपासून अंकल डाव्या हाताने उजवं मनगट धरून सोल्डर करत होते, ते मी पाहिलं होतं. कोणाचं लक्ष आहे का, हे ते आधी बघून घ्यायचे, तेही पाहिलं होतं. चिप जास्त तापून आतून मेली तर वरून काही दिसत नाही. पाय चकचकीत, आणि आत राख. म्हणजे भिंग घेऊन बसले तरी आपली चूक नाही याचा पुरावा त्यांना कधीच सापडणार नव्हता. जगातला तो एकच प्रश्न असा होता की ज्याला ते नाही म्हणू शकत नव्हते. आणि मी नेमका तोच उचलला. लहानपणापासून नेमकं उचलायचीच तर सवय होती माझ्या हाताला.

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘असंल. एका पायावर हात जरा जास्त थांबला खरा.’

थांबला नव्हता हो. चिप बोलली होती. मी तिचं नाव वाचलं होतं. तेव्हा तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

साहेब आले, ओरडले नाहीत. सगळ्यांसमोर हसून म्हणाले, ‘डॉमनिक, आता चष्मा बदल, नाहीतर खुर्ची बदल यार.’ सगळे हसले. मीही थोडी हसले. अंकल म्हणाले, ‘माजी चूक हाय सायब. पोरीला काय बोलू नका, ती बिचारी जेवली पन नाय.’

खुर्ची साहेबांनीच बदलली. अंकलना स्टोअरमध्ये बसवलं, स्क्रूच्या पिशव्या भरायला. चिपा बसवायचं काम बाहेर, मशीनवर जाऊ लागलं. गिऱ्हाईकाला तारीख पुढची दिली. नवी चिप आली, मी डीबगर लावला — बॅटरीवर — आणि पट्टी तिरकी का कापली जाते ते शोधून काढलं. दोन सिग्नल एकमेकांच्या पायात येत होते, इतकंच. टाळ्या वाजल्या. स्टोअरच्या दारात उभं राहून अंकलही वाजवत होते.

तुम्ही म्हणाल, नोकरी जाईल या भीतीने गप्प राहिलीस. तेव्हा हो. पण पुढे मी कायम झाले, पगार वाढला, मला काढायची कोणाची हिंमत राहिली नाही, भीती कधीच संपली — तरी मी गप्पच. मग त्याला काय म्हणायचं? मला वाटतं, मला आवडायचं. सगळ्यांनी मला हुशार म्हणणं आवडायचं. त्यात ही एक गोष्ट मिसळली असती तर सगळंच नासलं असतं.

दर नाताळला अंकल डबाभर कुलकुल, त्यांचा नाताळचा तळलेला गोड खाऊ, आणायचे. एका वर्षी आले नाहीत, म्हणून मीच मरोळला गेले. त्यांची बायको, सेसी आंटी, मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘तो आता काय पन दुरुस्त नाय करीत गो. आख्ख्या गावाचे मिक्सर, पंखे याच घरात यायचे. आता बल्ब पन मला लावाया लावतो. म्हनतो, माज्या हाताने जळंल.’

तेव्हा सांगू शकत होते. तो माणूस पडद्यापलीकडे खाटेवर बसला होता. सांगितलं असतं तर त्याला त्याचे हात परत मिळाले असते. मी चहा प्यायले. ‘काळजी घ्या अंकल’ म्हटलं. रिक्षा पकडली.

ते वारले तेव्हा कंपनीतले आम्ही सगळे चर्चमध्ये गेलो. शवपेटीत त्यांचे हात छातीवर जोडलेले, बोटांत जपमाळ. त्या हातांनी काहीही जाळलं नव्हतं. हे त्या चर्चमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि त्यांना स्वतःला ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आंटीने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘तुझं फार कौतुक करायचा.’ मी मान हलवली.

आता सांगून काय उपयोग? काहीच नाही. ज्याला सांगायचं तो ऐकायला उरला नाही, आणि तसा तो उरला नाही म्हणूनच माझं तोंड उघडलं असेल. आंटी आहे अजून, मरोळलाच. तिच्याकडे गेलेले नाही. जाईन असंही म्हणत नाही.

ते यंत्र चाललं. त्यावर कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली. आज त्या विभागाची प्रमुख मी आहे.