कोंडाजींचं रमतगमत चालणं

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालातली गोष्ट. इंग्रजी तेव्हा आठवीपासून सुरू व्हायचं. तोवर सुखानं जगलेल्या मुलांच्या अंगावर ते एकदम येऊन आदळायचं. उरवड्याच्या रस्त्याकडेच्या शाळेत ही कामगिरी वाल्मीक मास्तरांकडे होती. मास्तर पुण्याच्या पेठेतले, अंगानं किरकोळ. त्यांच्याकडे एक जाडजूड शब्दकोश होता आणि गावात मास्तरांपेक्षा त्याचाच दरारा जास्त होता.

'वॉक' या क्रियापदापाशी आले की मास्तरांना चेव यायचा. चालण्यासारख्या साध्या कामासाठी साहेबानं इतके शब्द करून ठेवले, याचं कौतुक त्यांना साहेब निघून गेल्यावरही वाटे. मुलांना काही वाटत नसे. तुरुतुरु, लगबगीनं, फेंगडत, डुलत एवढं घरात असताना परक्याकडे कशाला जायचं, असा त्यांचा एकंदर चेहरा असे.

पण एक गोष्ट मुलांना मास्तरांहून चांगली येत होती. खोऱ्यात त्या काळी माणूस चेहऱ्याच्या आधी चालीनं ओळखला जायचा. पलीकडच्या बांधावर बोटाएवढं काही हललं की बाया चुलीवर आधण ठेवत आणि सांगत, गेणबा आला. मास्तरांनी हेच हाताशी धरलं. वर्गाच्या खिडकीतून रस्त्याचा एक तुकडा आणि ओढ्यावरची एक मोरी दिसे. मोरीवरून जो जाईल त्याला मास्तर एक क्रियापद लावून देत.

पीरमहंमद लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. तो परसाकडेही पावलं मोजत जायचा. त्याला 'मार्च' मिळालं. तुरुतुरु पळणाऱ्या टपालवाल्याला 'ट्रॉट'. गेणबाच्या पायावर बैलानं पाय दिला होता, म्हणून त्याच्या वाट्याला 'लिम्प' आलं. मास्तर मनातून जरा घाबरले होते. पण गेणबा खूश झाला. आपण इंग्रजीत हाय, असं तो बाजारात सांगत फिरला. बायकाही मोरीवरून जात-येत, डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं. त्यांच्या चालण्याला क्रियापद नेमावं हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. शब्दकोशानंही तसं सुचवलं नाही.

'स्ट्रोल' कोंडाजींना मिळालं. तो शब्द त्यांच्यासाठीच घडवल्यासारखा होता. कोंडाजी रोज शेताला निघत ते खांद्यावर घोंगडी टाकून, हात मागे बांधून. चार पावलं चालले की थांबायचे. झाडाकडे बघायचे, डोंगराकडे बघायचे, दुसऱ्याच्या बांधाकडे तर फारच बघायचे. काही काम नसताना मजेत, रमतगमत चालणं, असा अर्थ मास्तरांनी फळ्यावर लिहिला आणि खिडकीकडे बोट केलं. वर्ग खिदळला.

वर्गात कोंडाजींची मुलगी सारजा होती. आठवीत ती एकटीच मुलगी, आणि इंग्रजी तिच्या जिभेवर बसत होतं. मास्तरांची सगळी भिस्त तिच्यावर. तिनं घरी जाऊन 'माय फादर स्ट्रोल्स' मोठ्यानं पाठ केलं आणि बापानं विचारल्यावर अर्थही नीट सांगितला. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी. ती म्हशीमागं असते, असं कळलं.

मास्तरांनी निरोप धाडला. उलट निरोप आला तो गेणबाच्या तोंडून, आणि गेणबानं तो चवीनं सांगितला: कोंडाजींचं म्हणणं असं, की लंगड्याला लंगडा म्हणलं तर राग कसला, पण सूर्य उगवायच्या आत उठणाऱ्या माणसाला रिकामटेकडा म्हणायचं, ते लेकीच्या तोंडून वदवून घ्यायचं, असल्या शिक्षणाची आम्हाला गरज न्हाई.

वर्गात वीसेक डोकी उरली होती, तरी मास्तरांना वर्ग ओस वाटू लागला. व्याकरणाचा प्रश्न टाकल्यावर नकळत नजर जायची ती मोकळ्या सतरंजीकडे. मुलगी एकदा म्हशीमागं गेली की परत येत नाही, हे त्यांनी इथल्या दोन वर्षांत पाहिलं होतं.

रविवारी सकाळी ते वेशीपाशी जाऊन उभे राहिले. कोंडाजी आले, राम राम झाला, दोघं चालू लागले. मास्तरांनी माफीचं भाषण जुळवून आणलं होतं. पण कोंडाजींबरोबर चालताना ते करणं अवघड होतं, कारण कोंडाजी मुळी चालतच नव्हते. जांभळापाशी थांबून त्यांनी पानं न्याहाळली. पुढं एक दगड पायाच्या अंगठ्यानं हलवून पाहिला आणि होता तिथं नीट बसवला. याला स्ट्रोल नाही तर काय म्हणायचं, असं मास्तरांच्या मनात आलं आणि माफी मागायची इच्छा निम्म्यावर आली.

मोरीपाशी कोंडाजी पुन्हा थांबले. डोंगरावरची नजर न काढता हळूच म्हणाले,

"मास्तर, जरा मागं बगा. वळनावर आली का?"

"कोण?"

"आता कोन. सारजाची आई."

मास्तरांनी वळून पाहिलं. वळणावर धोंडाबाई होत्या. एक हात डोक्यावरच्या भाकरीच्या टोपलीला, दुसरा गुडघ्यावर. बघता बघता त्या कडेच्या दगडावर टेकल्या.

"बसल्या आहेत."

"टोपली खाली ठिवली का डोक्यावर हाय?"

"खाली ठेवली."

"मंग लांबलं," कोंडाजी म्हणाले आणि मोरीचे दगड तपासू लागले.

गोष्ट साधी होती. मागल्या लावणीत चिखलात पडून धोंडाबाईंचा गुडघा धरला होता. गड्यानं पुढं चालायचं आणि बाईनं मागून यायचं, ही रीत. बायकोसाठी रस्त्यात थांबणारा गडी म्हणजे गावाला हसायला विषय. वळून बघणारा त्याहून. कोंडाजींनी रीत मोडली नव्हती. त्यांनी फक्त वाटेवरच्या एकूण एक झाडात लक्ष घातलं होतं.

मास्तरांना भरून आलं, आणि भरून आलेला माणूस करतो तसं ते नको ते बोलले. उद्याच वर्गात चूक कबूल करतो, मुलांना खरं कारण सांगतो, म्हणाले. कोंडाजींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"तसलं काय करू नगा. रिकामटेकडा म्हना, आळशी म्हना. बायकूसाठी थांबतुया म्हनलात, तर मला पारावर बसायची सोय ऱ्हानार न्हाई."

"मग तो शब्दच काढून टाकतो."

"काढला तर इचारतील, का काढला. ऱ्हाऊ द्या हाय तसा."

तेवढ्यात धोंडाबाई येऊन पोचल्या. पदरानं तोंड पुसत त्यांनी दोघांकडे पाहिलं. "मास्तर, तुमाला बी लागला का ह्यांचा नाद? दोगंबी रिकामं उभं हायती."

"तू चल आपली. आमी मोरी बगतुया," कोंडाजी खेकसले, पण त्यांचा दम बसेपर्यंत मोरी बघतच राहिले. त्या जायला निघाल्यावर लगेच कोंडाजी चार पावलं पुढं झाले, कारण तीही रीत होतीच.

मास्तर मागून जवळजवळ पळत गेले. सारजाचं काय, एवढंच त्यांनी विचारलं.

"येईल उद्या," कोंडाजी म्हणाले. "पर तिला बी ह्यातलं बोलू नगा. बाप मजेत हाय, असं वाटू द्या पोरीला."

सोमवारी सारजा आली. मास्तरांनी उजळणी घेतली. 'स्ट्रोल' म्हणताच वर्गानं एका आवाजात कोंडाजींचं नाव घेतलं. त्यात सारजाचाही आवाज होता, बापावर थोडा वैतागलेला आणि उच्चारात सगळ्यांपेक्षा स्वच्छ. बाहेर मोरीवर कोंडाजी डोंगर न्याहाळत उभे होते. मास्तरांनी पुढचं क्रियापद घेतलं नाही. रस्त्यावरून टोपली मोरीपार होईपर्यंत ते तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेत राहिले.

पुढे सारजा मॅट्रिक झाली. रस्ता डांबरी झाला, एसटी सुरू झाली, चालीवरून ओळखावं इतकं कुणी चालेनासं झालं. मास्तर मात्र निवृत्त होईपर्यंत 'स्ट्रोल'ला कोंडाजींचंच उदाहरण देत राहिले. इंग्रजीतलं हे एकच त्यांनी समजून उमजून चुकीचं शिकवलं. न उमजता शिकवलेलं वेगळं.