मोरीवरची खूण

विलासभाऊ गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी ताथवड्यात एका प्लॉटवर दुर्बिणीला डोळा लावून उभा होतो. ‘बरं’ एवढंच बोललो आणि पुढचं रीडिंगही घेतलं. काय माणूस आहे मी... महिना झाला, अजून लाज वाटते.

जमिनीची उंची मोजायची म्हणजे पक्की उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून निघायचं आणि मोजत मोजत परत खुणेवर यायचं, ही आमची रीत. हे काम मी भाऊंच्या हाताखालीच शिकलो. ते लातूरकडचे, राहायला आकुर्डीत, आणि कामात भलते चिकट. आकडा जरा चुकला तरी भर उन्हात पहिल्यापासून चालायला लावायचे. मी कुरकुरायचो, ते हसायचे.

चाकणजवळ कामगारांच्या घरांचं काम होतं. लांबच्या दुसऱ्या खुणेवरूनही पडताळा घेऊ, असं भाऊंचं म्हणणं. मीच म्हणालो, रस्त्याच्या मोरीवरची खूण आपलीच आहे, गेल्या वर्षीची, कशाला उगाच तंगडतोड? त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं. मोरीवरून निघालो, मोरीवर परत आलो, आकडे चोख जुळले. जुळणारच... मधल्या वर्षात ट्रेलरच्या ओझ्याने मोरीची ती बाजूच वीतभर खचली होती. घरंही वीतभर खाली बांधली गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात गटाराचं पाणी उलटं तळमजल्यात शिरलं.

भाऊंनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. ‘चूक माझीच, पण गटार खोल करा,’ असं त्यांनी स्वतःच्या नावाने बिल्डरला लेखी दिलं. त्याने फोन उचलणं सोडलं, भाऊंची कामंही तुटली. तरी दर पावसात ते तिथे जायचे, आधी तिथल्या लोकांच्या शिव्या खायचे, मग चहा घ्यायचे, पाणी कुठवर चढलं ते मोजून पुन्हा सरकारी कचेरीत अर्ज करायचे. एकदा सोबत गेलो तेव्हा मी म्हणालो, सोडा आता.

“मी सोडलं तर त्यांचं ऐकणार कोण?”

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. आता अर्ज केले तरी काय, बांधलेली घरं कुणाला उचलता येतात?

परवा एकटाच तिथे गेलो. तळमजल्यावरच्या मावशी पलंगाच्या पायांखाली विटा सरकवत होत्या. मला भाऊंसोबत पाहिलेलं, म्हणून खुर्ची दिली.

“भाऊ औंदा आले न्हाईत? त्यांना सांगा, आमी वाट बघतोय.”

सांगतो, म्हणालो आणि विटा सरकवायला खाली बसलो.