डब्यावरचे ओरखडे

मेढ्याजवळ घाटाखाली एसटीची वाट बघताना तो वेल्डर मला एकदाच भेटला. सायकलची फ्रेम कापून त्यानं मागच्या चाकाला मोपेडचा शॉकॲब्सॉर्बर जोडला होता. कॅरियरला पाण्याचा उघडा डबा बांधलेला.

"वरच्या वाडीतनं भाऊ दूध आणतो. निम्मं दणक्यानंच सांडतंय," तो म्हणाला.

"चाक वरखाली झालं की चेन तुटत नाही?" मी विचारलं.

"लय तुटली. मग चाक ज्याच्यावर वरखाली होतं, तो सांधाच पायडलच्या आसापाशी घेतला. आता ताण बसत न्हाई."

चढावर सायकल ढकलत नेऊन तो दगडधोंड्यांतून सुसाट खाली आला. डब्यातल्या पाण्यानं त्याची पाठ चिंब भिजली होती. उरलेल्या पाण्याच्या पातळीवर त्यानं डब्याला खिळ्यानं ओरखडा मारला. त्याच्याखाली जुने सात होते.

"काठाला दोन बोटं ऱ्हायली," तो म्हणाला.

माझी एसटी आली आणि गेली. मी डबा भरायला हापशाकडे निघालो होतो.