‘ठीक हाय’ चालत नाही

भिलाईत आजवर जेवढी माणसे सुखरूप घरी पोचली असतील, त्यांपैकी निम्मी आपल्यामुळे पोचली, असा माझ्या मामेसासऱ्यांचा ठाम समज आहे. उरलेली निम्मी त्यांच्या धाकाने पोचली, असे घरच्यांचे म्हणणे. माझ्या पत्नीचे हे थोरले मामा पोलाद कारखान्यातल्या गॅस सुरक्षा विभागातून निवृत्त झाले आणि भिलाईतच कोहक्यात घर बांधून राहिले. पण निवृत्ती घडली ती केवळ कागदावर. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून त्यांच्या गच्चीवर आजही काठीला लाल फडके बांधलेले आहे. लग्नमंडपात शिरताच ते वधूवरांच्या आधी बाहेर पडण्याची दुसरी वाट पाहून घेतात आणि त्या वाटेवर मसालेभाताचे पातेले आढळले, तर यजमानांकडून ते हलवून घेतल्याशिवाय अक्षतांना हात लावत नाहीत.

लग्नानंतर मी प्रथमच त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा तोंडाला साबण लावतो न लावतो तोच न्हाणीघराच्या दारावर थाप पडली. “जवाईबापू, आवाज द्या!”

“ठीक आहे, मामाजी.”

“ठीक हाय चालत नाही! सात आठे किती?”

मी गणिताचा प्राध्यापक; तरीही डोळ्यांत साबण असताना छप्पन आठवायला मला वेळ लागला. पाच मिनिटांनी पुन्हा थाप. अखेर मामीच स्वयंपाकघरातून कडाडल्या, “अहो, त्यायले अंग तरी धुऊ द्या! जवाई हायेत ते, भट्टीतले हेल्पर नाहीत!”

यामागचे शास्त्र त्यांनी मला पोह्यांबरोबर समजावले. ब्लास्ट फर्नेसच्या विषारी गॅसला ना रंग, ना वास. म्हणून तिथे कोणी एकट्याने जायचे नाही. एकाने आत जायचे, दुसऱ्याने बाहेर थांबून दर पाच मिनिटांनी हाक मारायची. “ज्याले गॅस लागते ना, त्यालेच ते कळत नाही. तो पडेपर्यंत म्हणते, ठीक हाय. म्हणून असं विचारायचं, का त्याले डोकं चालवूनच उत्तर द्यावं लागन.”

मी जुनवानीकडच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, तिथे विद्यार्थ्यांसाठी एक समुपदेशन कक्ष उघडण्यात आला होता. तो प्राचार्यांच्या दालनासमोर होता, आणि त्याच्यावरचा फलक फाटकापासून वाचता येई. पहिल्या सत्रात त्या खोलीत आलेली एकमेव व्यक्ती पंखा दुरुस्त करायला आली होती. मामाजींच्या वरच्या मजल्यावर आमच्याच विद्यार्थिनी भाड्याने राहत, त्यामुळे कुणाच्या तरी पालकाचा कागद घेऊन ते एकदा आले, फलक वाचला आणि तिथूनच ओरडले, “प्राचार्याच्या दारासमोर रडाले कोण येईन? कायले येईन?” त्यानंतर रोज सकाळी ते प्राचार्यांकडे येऊन बसू लागले. चौथ्या आठवड्यात तो कक्ष ग्रंथालयामागे, दोन दारांच्या एका खोलीत गेला, आणि मुले येऊ लागली. मग मामाजी स्वतःच समुपदेशक मॅडमसमोर वही घेऊन बसले. मॅडमनी सांगितलेले त्यांनी ठळक अक्षरांत लिहून घेतले: जिवाचा धोका वाटला तर आडवळणाने विचारू नका, सरळ विचारा, विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात नव्याने येत नाही. माणसाला एकटे सोडू नका. आणि उपचार तुम्ही करू नका, मला बोलवा.

एका रविवारी दुपारी चहा घेता घेता मी सहज म्हणालो, की वरच्या मजल्यावरच्या, अहिवाऱ्याहून आलेल्या मुलीने चाचणीत सुवाच्य अक्षरांत नाव लिहून बाकी पेपर कोराच दिला.

मामाजींनी कप खाली ठेवला. “कोरा? आन् तुमी काई विचारलं नाही?”

“तिला संकोच वाटेल, म्हणून...”

“तिले, का तुमाले?”

मी चहा तसाच टाकला. आम्ही वर गेलो. तिच्या मैत्रिणी गावी गेल्या होत्या; ती एकटीच, खिडक्या लावून भिंतीकडे तोंड करून पडली होती. “ठीक हूँ, मामाजी,” ती म्हणाली. एवढे पुरे झाले. मामाजींनी सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या, मुलीला गादीसकट खाली अंगणात आणले आणि आळीतल्या चार बायकांची पाळी लावून टाकली: दर पाच मिनिटांनी एकीने यायचे आणि काहीतरी विचारायचे. पहिलीने तिला सात आठे विचारले, दुसरीने सकाळची भाजी, तिसरीने आत्याचे गाव. चौथी फाटकातून आत येताच ती मुलगी ताडकन उठून बसली.

“मामाजी, मैं गॅस का लीकेज नहीं हूँ!”

मामाजी जागच्या जागी थांबले. त्यांनी हात जोडून बायकांना घरी पाठवले आणि तिच्या गादीसमोर जमिनीवर जाऊन बसले.

“गलती हो गई, बेटा. अब सीधा पूछता हूँ. मर जाने का खयाल आता है?”

गादीची शिवण उसवत ती म्हणाली, “आता है. आज जादा.”

मला तिथून पळून जावेसे वाटले. मामाजींनी माझ्याकडे न पाहताच माझे मनगट धरून ठेवले. “अच्छा किया, बता दिया. अब तू अकेली नहीं रहेगी. मॅडम को फोन तू लगाएगी, कि मैं?”

“आप.”

मॅडम येईपर्यंत त्यांनी तिला आणखी एकही प्रश्न विचारला नाही. मामी मात्र तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे बसल्या आणि केसांचा गुंता सोडवू लागल्या. माझ्या तोंडून एवढेच निघाले, “मुझे उसी दिन पूछना चाहिए था.” त्यावर तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळी तिचे वडील मोटारसायकलवरून आले. चुनखडीच्या खाणीत काम करणारा तो भला माणूस घाबरून रागावला होता. “पढ़े बर भेजे रहेन,” शिकायला पाठवली होती, असे तो छत्तीसगढीत पुन्हा पुन्हा म्हणत होता, “लइका पगला गे का?” मामाजी त्याला म्हणाले, “भैया, हमारे यहाँ जिसको गॅस लगी, उसको किसीने पागल नहीं कहा. अस्पताल ले गए.” मॅडमनी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी बाप-लेकीबरोबर मामाजीही गेले. औषधे सुरू झाली, ती गावी राहिली आणि कॉलेजचे एक सत्र बुडाले. तिला फोन आठवड्यातून एकदाच करायचा, अशी सक्त ताकीद मॅडमनी मामाजींना दिली. ती त्यांनी पाळली. पण ते सहा दिवस त्यांना कसे जात, हे मामींनाच ठाऊक.

पुढे ती परतली, ती कॉलेजच्या वसतिगृहात राहायला. कोहक्यातल्या घरी मात्र ती पुन्हा आली नाही. मला त्याचे वाईट वाटले आणि मी तसे मामाजींजवळ बोललो.

परवा आम्ही दोघे बाजारात गेलो असताना ती समोरच्या प्लास्टिकच्या दुकानात दिसली. बरोबर दोन मैत्रिणी होत्या. तिची नजर आमच्यावर पडली, क्षणभर अडखळली आणि वळली. मी पुढे होणार, तोच मामाजींनी मला कांद्याच्या ढिगामागे ओढले.

“राहू द्या. मले पाहिलं का तिले तो दिवस आठवत असन.”

तिकडे बादलीवरून वाद चालला होता. मैत्रिणी लाल घे म्हणत होत्या, ती निळीवर अडून बसली होती आणि दुकानदार वैतागला होता. हातातली कारली तशीच धरून मामाजी तो वाद शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“अडून बसली आन् निळीच घेतली,” ते हळूच म्हणाले. मग कारली पिशवीत टाकायची सोडून त्यांनी उगाचच चष्मा पुसायला काढला, आणि त्या मुली गर्दीत दिसेनाशा झाल्या तरी आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो.