सुनेचा फोन काढून घेणारे आप्पा आज दुकानात आले

वरवंडला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. आज दुपारी गावातले एक मानाचे आप्पा आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, सरकारनं त्या तसल्या साइट बंद केल्यात. त्या उघडायला ते व्हीपीएन का काय आसतंय, तेवढं माझ्या फोनात टाकून दे."

माझं डोकंच फिरलं. "बाया मोबाईलनं बिघडत्यात" म्हणून याच माणसानं सुनेचा फोन काढून घेतलाय. ती बिचारी आईशी माझ्या फोनवरून बोलायला दुकानात येते.

मी म्हणाले, "आप्पा, आधी सुनेचा फोन परत द्या."

"माझ्या घरात मी ठरवनार," म्हणत ते तरातरा निघून गेले.

त्यांचं काम दुसऱ्या दुकानात होईलच. पण सुनेला उद्यापासून माझ्याकडे तरी येऊ देतील का?